ऐंशी आणि ऐंशी, त्र्याऐंशी

सोमवार, ४ फेब्रुवारी

तांबट आळीचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. सी लहबीब, म्हणजे आमचे साहेब, म्हणाले, "थामी, तू तिथलाच. तुला ते ओट्यावर बसवतील. दुसऱ्या कोणाला पाठवलं तर परात फेकून मारतील."

काम असं आहे. आळीच्या चौकात तांबटांची नऊ दुकानं. समोर नवं अतिथीगृह उघडलंय, आणि तिथे पैसे मोजून उतरणाऱ्यांना सकाळी आठनंतरही झोपायचं असतं. तक्रार झाली, समिती बसली, मर्यादा ठरली. अतिथीगृहाच्या खिडकीशी दिवसाचा सरासरी आवाज ऐंशी डेसिबलच्या आत हवा. गेल्या महिन्यात आमच्या माणसांनी मोजला तेव्हा ब्याऐंशी भरला. आता कोणती दुकानं शहराबाहेरच्या नव्या कारागीर वसाहतीत हलवली की आकडा खाली येईल, ते मी सांगायचं. आमच्या कचेरीत एवढं सोपं काम दहा वर्षांत आलं नव्हतं. सी लहबीब उन्हाळ्यात निवृत्त होणार आणि त्यांची खुर्ची रिकामी होणार, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला एकदाच पुरलं असतं.

ही वही बतूलने आणून दिली. म्हणाली, "कचेरीचं गाऱ्हाणं जेवताना मला नको. हिला सांग, ही उलट उत्तर देणार नाही." सव्वीस वर्षं संसार केलेल्या बायकोचा सल्ला, म्हणून लिहायला बसलो.

बुधवार, ६ फेब्रुवारी

आळीत जाऊन आलो. मालेम बूश्तांच्या ओट्यावर बसलो. इथे उस्तादाला मालेम म्हणतात आणि बूश्ता या आळीतले सगळ्यात थोरले मालेम, वय अठ्ठ्याहत्तर. माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. याच ओट्यावर दोन वर्षं भाता ओढला. मग एके दिवशी त्यांनी माझं मानगूट धरून मला शाळेत नेलं आणि मास्तरांना सांगितलं, "याचे कान फार चांगले आहेत. आमच्यात राहिला तर फुटतील." त्याच कानांवर मी आज पोट भरतो.

आळीची रीत अजून तीच आहे. सकाळी थोरले मालेम ऐरणीवर तीन ठोके देतात, मग बाकीचे सुरू होतात. त्यांनी हातोडा ऐरणीवर उपडा उभा केला, डोकं खाली आणि दांडा वर, की सगळी आळी थांबते. अजानला, प्रेतयात्रा जाताना, गिऱ्हाईक घासाघीस करत असताना, चहाला, आणि कधीकधी नुसती मालेमची लहर म्हणून. आज माझ्यासाठी हातोडा उपडा झाला. समोरून मफद्दल ओरडला, "मालेम, दिवसातून किती वेळा चहा? भांडी कोण करणार, तुमचा थामी?" मफद्दल चाळिशीचा आहे, दंड माझ्या मांडीएवढे, जीभ त्याहून जड. तोही चहाला येऊन बसला.

मालेमना आता जवळजवळ ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून त्यांना कळतं. गेली अकरा वर्षं ते फक्त नक्षी करतात, बारीक छिन्नीने टिकटिक. मी सगळं काम त्यांना समजावून सांगितलं.

"नऊ हातोडे मोजायला सरकारने यंत्र दिलं?" ते म्हणाले. "नऊ आहेत. लिही आणि घरी जा."

"तसं नाही मालेम. एका हातोड्याचा आवाज ऐंशी, दुसऱ्याचा ऐंशी. दोन्ही मिळून किती?"

"एकशे साठ," मफद्दल म्हणाला.

"त्र्याऐंशी."

मालेम इतके हसले की टोपी सावरावी लागली. "तुला शाळेत घातलं ते हे शिकायला? वाण्याने असा हिशोब केला तर लोक त्याला त्याच्याच ताजव्याने हाणतील!"

मी म्हणालो, आवाजाचे आकडे नाण्यांसारखे एकावर एक रचत नाहीत. जोर दुप्पट झाला की आकडा जेमतेम तीनने चढतो. दोनाचे चार हातोडे केले की आणखी तीन, चाराचे आठ केले की आणखी तीन. आणि एक आवाज दुसऱ्यापेक्षा दहाने मोठा असेल तर लहान आवाज बेरजेत धरला काय, न धरला काय, सारखंच. आमच्याकडे तो सरळ सोडून देतात.

"म्हणजे खेचराच्या पाठीवर माशी बसली," मालेम म्हणाले.

"अगदी तसंच! म्हणून माशा हाकलून उपयोग नाही. खेचर हलवलं पाहिजे."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे जो सगळ्यात मोठा तो एकटा गेला, तर बाकीचे राहतात?"

"बहुतेक वेळा तसंच होतं."

चहा ओतताना त्यांनी पुन्हा विचारलं, "एकच गेला तरी?"

"हो मालेम. एकच."

म्हातारपणी माणसाला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते. मफद्दल अर्धा पेला तसाच ठेवून उठून गेला. त्याला कसली घाई झाली कोण जाणे. येत्या शुक्रवारी मोजायचं ठरलं. इतर दिवशी नऊ जण एकदम ठोकत असतात, त्यातून एकाचा आवाज वेगळा काढता येत नाही. शुक्रवारी आळी बंद, चौक शांत. एकेकाने दहा-दहा मिनिटं दुकान उघडून नेहमीचं काम करायचं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

नमाज आणि शुक्रवारचं कुसकुसचं जेवण, दोन्ही आटोपून सगळे आले. मी अतिथीगृहाच्या खिडकीत यंत्र मांडून बसलो.

मफद्दलने चहाचं एक तबक घेतलं आणि लहानशा हातोडीने त्याची कड मठारत बसला. एवढा दणकट गडी, पण शुक्रवारची सुस्ती अंगात. सत्तर. दुसऱ्याचंही तबक, एकोणसत्तर. तिसऱ्याचं तबक, एकाहत्तर. आठही जण सत्तरच्या आसपास. आज सगळ्यांना तबकांचीच मागणी आहे असं दिसलं.

शेवटी मालेम बूश्ता. त्यांनी माळ्यावरून लग्नाचा हंडा खाली उतरवला होता, ज्यात दोनशे माणसांचं मांस शिजतं तो, आणि माझ्या लहानपणीचा मोठा घण. अंगात धुतलेला जेलाबा, पायघोळ झगा, घातला होता, सणाला घालतात तसा. मग त्यांनी असे काही घाव घातले की खिडकीची काच थरथरली. पाचव्या मिनिटाला टोपी खाली पडली, तरी थांबले नाहीत. दहा मिनिटं पूर्ण. चौऱ्याऐंशी! शेवटी घण खाली ठेवला असं म्हणता येणार नाही, तो हातातून मांडीवर घसरला.

मी धावत खाली गेलो. "सगळ्यात मोठा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचा, मालेम. फार मोठ्या फरकाने."

नवरदेवासारखे लाजून हसले. इतर आठ जण आपापल्या फळ्या लावत होते. कोणी थट्टा केली नाही, याचं मला नवल वाटलं.

बतूलला सांगितलं, की म्हाताऱ्याची खुमखुमी अजून गेलेली नाही, तरुणांना दाखवून दिलं. ती म्हणाली, "अकरा वर्षं टिकटिक करणाऱ्या माणसाला आजच हंडा कसा आठवला?" मी म्हणालो, कारागिराचा अभिमान तुला कळायचा नाही. ती नुसतं "हं" म्हणाली आणि मटार सोलत राहिली.

सोमवार, ११ फेब्रुवारी

बेरीज केली. इतकं स्वच्छ उत्तर मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

आठ दुकानं सत्तरची. दोघांचे त्र्याहत्तर, चौघांचे शहात्तर, आठांचे एकोणऐंशी. त्यात मालेमचे चौऱ्याऐंशी मिळवले की पंच्याऐंशी. आता मफद्दलला हलवा, पंच्याऐंशीच राहतात. त्याच्यासोबत आणखी तिघांना हलवा, तरी पंच्याऐंशीला जेमतेम अर्धा कमी. आठच्या आठ हलवा आणि मालेमना एकटं ठेवा, तरी चौऱ्याऐंशी! पण एकट्या मालेमना हलवा आणि आठांना राहू द्या, तर एकोणऐंशी. मर्यादेच्या आत. एक दुकान जातं आणि आठ घरं वाचतात.

कागदावर हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग उठून गॅलरीत जाऊन आलो. माणूस कोण आहे ते कागदाला कुठे माहीत असतं.

एक गोष्ट खटकते, ती इथे लिहून ठेवतो. माझी बेरीज पंच्याऐंशी येते, पण गेल्या महिन्यात मोजलेला खरा आवाज ब्याऐंशीच होता. तीनचा फरक म्हणजे निम्मा जोर कुठेतरी गायब. कामाच्या दिवशी सगळे एकदम ठोकत नाहीत, मधे थांबतात, म्हणून असेल. खरं तर एखाद्या मंगळवारी मालेमच्या दुकानाशी जाऊन उभं राहायला हवं, ते रोज कसे ठोकतात ते बघायला हवं. पण सी लहबीबना गुरुवारी अहवाल हवा आहे.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

अहवाल दिला. सी लहबीब म्हणाले, "एकच दुकान? वा! असा अहवाल मी माझ्या हयातीत वाचला नाही." खुर्चीचा विषय पुन्हा निघाला. मी मंगळवारी गेलो नव्हतो.

मंगळवार, १९ मार्च

आज मालेम बूश्तांचं दुकान हललं. पाच खेचरं लागली. ऐरण उचलायला आठही जण आले, पण एकानेही माझ्या नजरेला नजर दिली नाही. मला वाटलं, मलाच दोष देत असतील. द्यावा. मी तयारीनेच गेलो होतो.

निघताना वयाने दुसऱ्या क्रमांकाच्या मालेमपुढे बूश्तांनी आळी थांबवायचा तो रिवाजाचा हातोडा धरला. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "तुम्ही जिवंत आहात मालेम. तुम्ही असताना मी तो उपडा करू? आळीची शरम आहे." थोरल्याच्या मरणानंतरच हातोडा पुढे जातो, त्याआधी नाही. मग बूश्तांनी तो आपल्याच झोळीत टाकला.

माझ्याजवळ आल्यावर विचारलं, "आता किती होणार?"

"एकोणऐंशी."

"आणि ही पोरं राहणार?"

"राहणार, मालेम."

"मग झालं तर." एवढंच म्हणाले आणि खेचरवाल्याला म्हणाले, "चल, नाहीतर हा इथेच बेरीज शिकवत बसेल."

मी हसलो. रस्त्याच्या वळणापर्यंत हसत होतो. मग कचेरीत न जाता नदीकडे चालत गेलो.

मंगळवार, २ एप्रिल

वसाहतीत जाऊन त्यांना भेटलो. सिमेंटची खोली, पत्र्याचं छप्पर, आजूबाजूला बंद गाळे. ऐरण अजून गोणपाटातच गुंडाळलेली. काम सुरू नाही. मी विचारलं, का? म्हणाले, "इथे कोणासाठी थांबायचं? आणि थांबायचं नसेल तर सुरू तरी कशाला करायचं?"

त्यांनी मला डाव्या हाताने चहा दिला. उजवा हात मांडीवर तसाच ठेवला. आमच्यात डाव्या हाताने पाहुण्याला काही देत नाहीत, निदान ज्याच्यावर माया आहे त्याला तर नाहीच. मला ते फार लागलं. पेला घेतला आणि पिऊन टाकला. राग धरायचा त्यांना हक्क आहे.

पुढच्या आठवड्यात दुकान बंद करून ते लेकीकडे, ताझाला, राहायला जाणार आहेत.

बुधवार, १७ एप्रिल

समितीच्या नियमाप्रमाणे पुन्हा मोजणी. एकोणऐंशीची खात्री होती, म्हणून नवीन सदरा घालून गेलो होतो.

चौऱ्याऐंशी.

यंत्र बदललं. चौऱ्याऐंशी. दिवसभर बसलो, संध्याकाळची सरासरी चौऱ्याऐंशी. आधी नऊ दुकानं होती तेव्हा ब्याऐंशी, आता आठ आहेत तर दोन जास्त. वजाबाकी केली की वाढ होते असं कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत.

पण खिडकीत बसून एक गोष्ट ऐकली, म्हणजे खरं तर ऐकली नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चौक एकदाही थांबला नाही. अजान झाली, ज्यांना जायचं ते उठून गेले, बाकीचे ठोकतच होते. गल्लीतून एक प्रेत गेलं, तेव्हाही.

गुरुवार, १८ एप्रिल

मफद्दलला दुकानात गाठलं. त्याला हातोडा खाली ठेवायला लावला.

"तुम्ही थांबत का नाही रे?"

"कोण थांबवणार? मालेम जिवंत आहेत, त्यांचा हातोडा त्यांच्यापाशी. शेजारचा ठोकतोय तर मी हात बांधून बसू? माझं भांडं तोच विकेल." मग नजर खाली घालून म्हणाला, "मला वाटलं होतं तू आधीच येशील. लोक म्हणतात थामीचे कान फार चांगले."

"शुक्रवारी तुम्ही इतके हळू ठोकलंत. रोज असे ठोकत नाही तुम्ही."

"चहाचं तबक कसं ठोकतात? तसंच ठोकलं."

"मफद्दल."

त्याने हात पुसले, पुन्हा पुसले. "तूच म्हणालास ना, मोठा जाईल आणि बाकीचे राहतील? मी तर त्याच दिवशी घाबरून पळालो. घरी तीन मुली आहेत माझ्या, वसाहतीत गिऱ्हाईक येतं का? पण दुसऱ्या दिवशी मालेमनीच आम्हाला बोलावलं. म्हणाले, उद्या सगळ्यांनी तबकं काढायची. हंडा मी घेतो."

मी त्याच्या ओट्यावर टेकलो.

"आम्ही नाही म्हणालो रे," मफद्दल म्हणाला. "खरंच म्हणालो. पण एकदाच म्हणालो."

घरी येऊन बतूलला सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, मी बोलले होते. ती तसं काही म्हणाली नाही. पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून राहिली. त्यापेक्षा टोमणा परवडला असता.

मालेमच्या रोजच्या टिकटिकीचा आवाज त्या खिडकीशी फार तर पासष्ट भरला असता. ब्याऐंशीपुढे पासष्ट म्हणजे मोजायचंसुद्धा नाही, सोडून द्यायचं. मीच त्यांना ते शिकवलं होतं. पण त्यांचा हातोडा दिवसात जितका वेळ उपडा असायचा, त्या वेळाने आळीचा आवाज दोन-अडीच डेसिबलने खाली धरून ठेवला होता. माझ्या बेरजेत ठोके होते. न ठोकण्याला रकानाच नव्हता.

सोमवार, २२ एप्रिल

चार दिवस कागद समोर ठेवून बसलोय.

अठ्ठ्याहत्तर लिहिलं तर कोणी तपासायला येणार नाही. अतिथीगृहवाल्यांना कागद हवा आहे, तो मिळेल. पण मग तो माझा दुसरा खोटा अहवाल होईल. पहिला नकळत झाला, हा कळूनसवरून.

खरं लिहिलं तर निदान मालेमना परत आणता येईल. हिशोब साधा आहे. दिवसातला निम्मा वेळ हातोडे थांबले तर चौऱ्याऐंशीचे एक्क्याऐंशी, आणखी थोडं थांबले तर ऐंशी. आळीला कोणी तरी थांबवणारा हवा, आणि तो अधिकार ज्यांचा आहे ते ताझाला बसलेत. कोणालाही हलवायची गरज नाही, फक्त एका माणसाला परत आणा. हे मी अडीच पानं लिहिलं. माझी चूकही लिहिली, शुक्रवारची, मंगळवारी न गेल्याची, सगळी. तबकांचीसुद्धा लिहिली, कारण त्याशिवाय हिशोब लागत नाही.

बतूलने वाचलं. "हे वाचून ते काय करतील?"

"मालेमना बोलावतील."

"तू त्यांना ओळखतोस?"

"कोणाला, मालेमना?"

"समितीला," ती म्हणाली.

गुरुवार, २५ एप्रिल

सभा पंधरा मिनिटांत संपली. माझी अडीच पानं सी लहबीबनी एका वाक्यात सांगितली. "म्हणजे म्हाताऱ्याचा आवाज मुळात नव्हताच. आवाज या आठांचाच आहे, आणि त्यांनी मोजणीत फसवलं."

"पण साहेब, ते थांबले तर—"

"थामी, समिती हातोडे हलवू शकते. कोणाला चहा पाजू शकत नाही."

सगळे हसले. ईदनंतर आठही दुकानं वसाहतीत जाणार. कागदावर सह्या झाल्या. बाहेर आल्यावर सी लहबीबनी खांद्यावर हात ठेवला. "स्वतःची चूक स्वतः लिहून देणारा माणूस आम्हाला खुर्चीवर हवा होता. तुझा प्रामाणिकपणा नोंदला गेला आहे."

मफद्दलला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याने शिवी दिली नाही. विचारलं, "तू आकडा कमी लिहिला असतास तर?"

"तर राहिला असतात."

"तुला कोणी धरलं असतं?"

"नाही."

"मग तुझी सरळ जीभ खोट्याकडे वळली नाही, एवढंच," तो म्हणाला आणि ठोकायला लागला.

शनिवार, ४ मे

रमजान तोंडावर आला, त्याआधी ताझाला जाऊन आलो. मालेमना खरं सांगायचं, माफी मागायची, म्हणून गेलो होतो. बसमध्ये वाक्यं जुळवली होती.

दार त्यांच्या लेकीने, हनियाने, उघडलं. मी तिला विचारलं, मालेम माझ्यावर अजून रागावले आहेत का, डाव्या हाताने चहा दिला होता.

ती माझ्याकडे बघत राहिली. "राग? दादा, त्यांचा उजवा हात वर होत नाही. त्या शुक्रवारी खांद्याची शीर तुटली. आठवडाभर कोणाला सांगितलं नाही, तोपर्यंत फार उशीर झाला. डॉक्टर म्हणाले आता असाच राहणार. अकरा वर्षं ज्यांनी घण धरला नाही, त्यांना त्या दिवशी कोणी धरायला लावला देव जाणे."

मी चपला काढत होतो. बंद सुटायला वेळ लागला.

मालेम खिडकीपाशी बसले होते. मला बघून डाव्या हाताने गालिचा थोपटला, बस म्हणून. चहाचं तबक समोर, त्याच्या कडेला रिवाजाचा हातोडा आडवा पडलेला. तो ते जवळच ठेवतात, हनिया म्हणाली, झोपतानाही.

"मोजलंस?" त्यांनी विचारलं.

"मोजलं."

"किती उतरला?"

जुळवलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडात होती. मी हात वर करून पाच बोटं दाखवली.

"पाच!" त्यांचा चेहरा उजळला. "एका म्हाताऱ्याने पाच! तुझ्या त्या उलट्या हिशोबात पाच म्हणजे पुष्कळ ना रे?"

"पुष्कळ, मालेम. दोन तृतीयांश आवाज गेला."

"आणि पोरं?"

"जागेवर आहेत. सगळी." मी थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण बोलत गेलो. "मफद्दलने नवीन फळ्या बसवल्या. गिऱ्हाईक आहे. तुमच्यानंतर आता दुसरे मालेम थांबवतात, चहाला, अजानला, अगदी तुमच्यासारखंच—"

जिथे खोटं बोलायचं होतं तिथे मी खरं लिहून आलो, आणि जिथे खरं सांगायला बसने इतक्या लांब यायची उठाठेव केली तिथे हे बोलत होतो.

मालेमना ऐकू येत नाही, ते ओठ बघतात. ते माझे ओठ बघत होते. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण नजरेतून ते गेलं होतं. दुसरे मालेम हातोड्याला हात लावणार नाहीत हे त्यांच्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक असणार? तो हातोडा तर तबकाच्या कडेला पडला होता.

त्यांनी डावा हात लांब केला, हातोडा उचलला आणि तबकावर उपडा उभा केला. डोकं खाली, दांडा वर.

मी बोलणं थांबवलं. हनियाने चहा आणून ठेवला, त्यांनी तो डाव्या हाताने माझ्याकडे सरकवला, आणि आम्ही दोघं चहा निवेपर्यंत तसेच बसून राहिलो.